सिरीजचा दुसरा भाग आवडला नाही? तिसरा उचलायच्या आधी हे करून बघा

पहिला भाग मी दोन रात्रीत संपवला होता, मग दीड वर्ष दुसऱ्याची वाट बघितली, तो हातात आल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून वाचायला बसले आणि ऐंशीव्या पानाच्या आसपास जाणवलं की आपण नुसती पानं उलटतोय. टीनएजर वाचकांसाठीची पॅरलल वर्ल्डवाली सिरीज होती, नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका पुस्तकाचा नाहीये. पहिल्या भागात नियम असा होता की विहिरीतून पलीकडच्या जगात गेलं की दर वेळी एक आठवण कायमची पुसली जाते, कुठली ते आपल्या हातात नाही. नायिका पहिल्यांदा परत येते तेव्हा आई एक गाणं गुणगुणत असते आणि ही विचारते, नवीन आहे का गं हे? ते गाणं आईनेच तिला लहानपणी शिकवलेलं असतं. त्या पानावर मी रडले होते. आणि दुसऱ्या भागात ऐंशी पानांत सहा वेळा ये-जा होते आणि कोणी काहीच विसरत नाही, कोणाला ते खटकतही नाही.

पुस्तक मिटलं तेव्हा कोणी विचारलं असतं की काय आवडलं नाही, तर 'मजा नाही आली' याच्यापुढे मला काही सांगता आलं नसतं आणि तेच जास्त लागलं, कारण ज्या पुस्तकावर आपला इतका जीव होता त्याच्याबद्दल निदान नीट सांगता तरी यायला हवं ना. तेव्हापासून अशा सिरीजचे दुसरे भाग वाचायची माझी एक पद्धत बसत गेली, पेन्सिल आणि एक कागद एवढंच लागतं. तुम्हीही असेच अडकला असाल, म्हणजे सिरीज सोडवतही नाही आणि पुढचा भाग घ्यायला हातही धजत नाही, तर हे करून बघा. खाली काही जुन्या सिरीजचे स्पॉयलर आहेत, त्यामुळे पुस्तकाचं नाव दिसलं की सांभाळून वाचा.

आधी मागे जा

दुसरा भाग बाजूला टाकायच्या आधी पहिल्या भागाची शेवटची चाळीस-पन्नास पानं परत वाचा. खरं तर हे दुसरा भाग सुरू करायच्या आधीच करायला हवं, पण तेवढा दम कोणाला असतो. दोन भागांमध्ये वर्ष-दोन वर्षं जातात आणि तेवढ्यात आपल्या डोक्यातला पहिला भाग बदललेला असतो, आवडलेले तीन प्रसंग मोठे होऊन बसतात आणि मधली कंटाळवाणी पानं गळून जातात, मग दुसऱ्या भागाची तुलना आपण या डोक्यातल्या पुस्तकाशी करतो. शिवाय चौदाव्या वर्षी वाचलेलं आणि सोळाव्या वर्षी वाचलेलं यात फरक पडतोच, त्या वयात दोन वर्षं म्हणजे खूप झाली.

अनुवादात वाचत असाल तर अजून एक गोष्ट बघा, दोन्ही भागांचा अनुवादक तोच आहे का. एका भागात ज्याला 'उंबरा' म्हटलंय त्यालाच दुसऱ्या भागात 'द्वार' म्हटलं असेल आणि मंत्रांची, जागांची नावं बदलली असतील तर जग परकं वाटतं, आणि त्याचं खापर लेखकावर फुटतं. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी वाचणाऱ्याचा आवाज बदललाय का बघावं, तसंच ते.

रुसवा वेगळा, तक्रार वेगळी

कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे लिहा रुसवा, उजवीकडे लिहा तक्रार. मला हवं होतं ते पुस्तकाने दिलं नाही, हा रुसवा. पुस्तकाने स्वतः जे कबूल केलं होतं ते पाळलं नाही, ही तक्रार. मग मनात येईल ते सगळं लिहीत सुटा आणि प्रत्येक वाक्य कुठल्या बाजूला जातं ते ठरवा, घाई नको, एकेक वाक्य दोन-दोनदा इकडून तिकडे जाईल.

उदाहरणार्थ आपलं आवडतं पात्र दुसऱ्या भागात कमी दिसतं. हा बहुतेक वेळा रुसवा असतो. एल. फ्रँक बाउम यांनी 1900 मध्ये ओझच्या अद्भुत देशाचं पहिलं पुस्तक लिहिलं, त्यात डोरोथी ही नायिका आहे, आणि 1904 च्या दुसऱ्या पुस्तकात डोरोथी नाहीच, टिप नावाचा एक मुलगा आहे. ती परत येते थेट 1907 च्या तिसऱ्या पुस्तकात. आता 1904 मध्ये डोरोथीसाठी ते पुस्तक उघडणाऱ्या मुलांना कसं वाटलं असेल याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल माया वाटते, पण म्हणून ते पुस्तक वाईट ठरत नाही. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या सिरीजचंही तसंच. 1995 च्या पहिल्या भागात सगळं पुस्तक लायरा या नायिकेचं, आणि 1997 चा 'द सटल नाइफ' उघडला की समोर विल नावाचा बारा वर्षांचा अनोळखी मुलगा, तोही आपल्या साध्यासुध्या जगातला, आईची काळजी घेणारा. लायरा कुठाय, लायरा कुठाय करत मी ती पानं भरभर वाचली होती आणि दुसऱ्यांदा वाचताना कळलं की विलच्या आईबद्दलची ती पानं किती सुंदर आहेत. माझा रुसवा होता, तक्रार करायला जागा नव्हती.

उलट समजा पहिल्या भागात शेवटी नायिका ठरवते की मी आता कोणाशी खोटं बोलणार नाही, आणि दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात ती सगळ्यांशी खोटं बोलायला लागते, का ते कळतच नाही, फक्त गैरसमज झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही म्हणून. ही तक्रार. पात्र बदलू शकतं, मागेही जाऊ शकतं, पण ते मागे जाताना आपल्याला दिसायला हवं.

डावी बाजू भरली आणि उजवी रिकामी राहिली तर एक महिना थांबून पुस्तक परत वाचा असं मी म्हणेन. उजवीकडे काही जमलं असेल तर पुढे चला, आता खरं काम आहे.

दाराचा हिशोब

मला विचाराल तर पॅरलल वर्ल्डच्या सिरीजमध्ये दुसरा भाग घसरतो तो जास्त करून इथेच. पहिल्या भागात दुसऱ्या जगात जायचं दार सापडणं हीच मोठी गोष्ट असते, ते कधी उघडतं, कसं उघडतं, पलीकडे काय आहे, परत येता येईल का, अर्धी भीती आणि अर्धी मजा त्यातच असते. दुसऱ्या भागात दार माहितीचं झालेलं असतं. लेखकाला आता कथा मोठी करायची असते, लढाई आणायची असते, पात्रांना इकडून तिकडे लवकर पोचवायचं असतं, आणि मग त्या दाराची लिफ्ट होते, बटण दाबलं की दुसरं जग.

भौतिकशास्त्रात अनेक जगांची कल्पना खरोखरच आहे, ह्यू एव्हरेट यांनी ती 1957 मध्ये मांडली, पण त्यात एका जगातून दुसऱ्यात चालत जायला दार नाहीये. दार हे पूर्णपणे लेखकाने बनवलेलं असतं. त्यामुळे त्याचे नियम म्हणजे लेखकाने आपल्याला दिलेला शब्द, तो पडताळून बघायला बाहेर कुठलंही शास्त्र नाही, फक्त पहिला भाग आहे.

म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला, पहिल्या भागावरून, चार गोष्टी लिहून काढा. दार कोण उघडू शकतं. कधी आणि कुठे उघडतं. दोन्हीकडचा वेळ कसा चालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडल्यावर कोणाचं काय जातं. मग दुसरा भाग चाळा आणि जिथे जिथे कोणी जग ओलांडलंय तिथे पेन्सिलने बारीक खूण करा, पुस्तक लायब्ररीचं असेल तर चिकटणारी चिठ्ठी लावा. प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारायचं, यावेळी काय गेलं? पहिल्या भागाइतकंच गेलं, जास्त गेलं, की कमी? कमी गेलं असेल तर पुस्तकात कुठेतरी त्याचं कारण आहे का?

दार सोपं होणं हाच दोष आहे असं मात्र समजू नका, मी बरीच वर्षं तसं समजत होते. पुलमन यांच्याच सिरीजमध्ये बघा, पहिल्या भागाच्या शेवटी दुसऱ्या जगाचा रस्ता उघडतो तेव्हा लायराच्या मित्राचा, एका लहान मुलाचा जीव जातो, इतकं ते दार महाग आहे. आणि दुसऱ्या भागात येतो एक चाकू, ज्याने हवेत हवी तिथे खिडकी कापून पलीकडे जाता येतं. वरवर बघितलं तर दार एकदम स्वस्त झालं. पण तो चाकू मिळताना विलच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात, ती जखम लवकर भरत नाही आणि पुस्तकभर पुलमन ती आपल्याला विसरू देत नाहीत. आणि 2000 सालच्या तिसऱ्या भागात कळतं की चाकूने कापलेल्या प्रत्येक खिडकीबरोबर एक स्पेक्टर जन्माला आलेला असतो, मोठ्या माणसांना आतून पोकळ करून टाकणारा. म्हणजे दुसऱ्या भागात आपण मजेत बघितलेल्या प्रत्येक खिडकीचं बिल कुठेतरी फाटत होतं, आपल्याला उशिरा दाखवलं एवढंच. हे कळल्यावर मी दुसरा भाग परत काढून खिडक्या मोजायला बसले होते.

वेळेच्या नियमाचंही असंच. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या 1950 च्या पहिल्या पुस्तकात मुलं तिकडे राजा-राणी होऊन मोठी होतात आणि परत येतात तेव्हा इकडे काहीच वेळ गेलेला नसतो. 1951 च्या 'प्रिन्स कॅस्पियन' मध्ये इकडे एकच वर्ष झालंय आणि तिकडे शेकडो वर्षं उलटून गेलीत. मुलं एका पडक्या किल्ल्यात फिरतात आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की हा आपलाच राजवाडा. नियम मोडला नाही, वेळ दोन्हीकडे वेगळा चालतो एवढंच पहिल्या पुस्तकाने सांगितलं होतं, पण त्याच नियमातून ओळखीचं जग परत अनोळखी केलं. दुसऱ्या भागाला पहिल्याची नवलाई परत मिळवायची असेल तर ती अशी मिळते, माझ्या मते तरी. नवीन प्राणी आणि नवीन राज्यांची नावं टाकून मिळत नाही.

नवीन जग आलं की फाटा शोधा

दुसऱ्या भागात जगांची संख्या वाढते. पहिल्यात एक होतं, आता चार. आणि बऱ्याचदा त्यातली तीन नुसती रंग बदललेली असतात, एकात सगळं बर्फ, एकात सगळं यंत्रांचं, एकात आकाश हिरवं. वाचताना चांगलं वाटतं पण पुस्तक मिटल्यावर लक्षात राहत नाही.

इथे मी एक प्रश्न विचारते, फाटा कुठे फुटला? जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा ज्यांनी वाचलीय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय ते. गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, आणि दोन जगांमधला सगळा फरक येऊन थांबतो एका गोळीवर, एकीकडे ती विश्वासरावांना लागते, दुसरीकडे थोडक्यात चुकते. त्या एका क्षणावर बोट ठेवता येतं म्हणून ते दुसरं जग आपल्या जगाचं भावंड वाटतं. तुमच्या सिरीजमधल्या प्रत्येक नव्या जगापुढे लिहा की ते आपल्यापासून कुठल्या घटनेने वेगळं झालं, आणि त्या घटनेचा गोष्टीतल्या माणसांशी काय संबंध आहे. दोन्ही उत्तरं मिळाली तर ते जग राहू द्या. एकही नाही मिळालं तर ती सजावट आहे, तसं स्पष्ट लिहा. परीकथेसारखं पूर्ण वेगळंच जग असेल, आपल्या इतिहासाशी नातं नसलेलं, तर हा प्रश्न लावू नका, त्यांच्यावर अन्याय होईल.

दुसरी मी, तिसरी मी

हा प्रश्न फक्त याच प्रकारच्या पुस्तकात येतो म्हणून यावर जरा थांबते. प्रत्येक जगात आपली एकेक प्रत असेल तर मरणाचं काय करायचं? पहिल्या भागात कोणीतरी मेलं, आपण रडलो, आणि दुसऱ्या भागात तोच माणूस दुसऱ्या जगातून हसत येऊन उभा राहिला. वाचक म्हणून तुम्हाला त्यावेळी फसल्यासारखं झालं असेल तर ते बरोबरच आहे. पण लगेच पुस्तक बंद करू नका, पुढची वीस पानं बघा, बाकीची पात्रं याच्याशी कशी वागतात. हा चेहरा तोच आहे पण हा आपला माणूस नाही, याने आपल्याबरोबरचं काहीच जगलेलं नाही, हे दुःख लेखकाने पकडलं असेल तर पहिलं मरण हलकं न होता जास्तच जड होतं. आणि सगळे जर 'बरं झालं तू परत आलास' म्हणून पुढच्या लढाईला निघाले असतील तर उजवीकडच्या यादीत मोठ्या अक्षरात लिहा.

दुसऱ्या 'मी'ला स्वतःचं आयुष्य आहे का हेही बघायचं. क्लॉडिया ग्रे यांच्या फायरबर्ड ट्रायलॉजीत, म्हणजे तीन भागांच्या सिरीजमध्ये, नायिका मार्गरीट दुसऱ्या जगात जाते म्हणजे तिथल्या मार्गरीटच्या शरीरात जाते. 2014 च्या पहिल्या भागात हे सगळं रोमँटिक वाटतं, आपण पूर्ण हिच्या बाजूने असतो, आणि 2015 च्या दुसऱ्या भागात कळतं की हिने पाहुणी म्हणून घेतलेल्या एका निर्णयाचे परिणाम त्या दुसऱ्या मुलीला आयुष्यभर निभवावे लागणारेत, जिला कोणी विचारलंच नव्हतं. ते वाचताना मला खूप अस्वस्थ व्हायला झालं आणि तेच मला त्या भागाचं सगळ्यात खरं काम वाटलं, पहिल्या भागात आपणही तो प्रश्न विचारला नव्हता हे लक्षात आल्यामुळे. प्रेमकथा, पाठलाग, कट-कारस्थानं याबद्दल मतं वेगळी असू शकतात, ती असू दे.

मधली पानं

ट्रायलॉजीच्या दुसऱ्या भागाचं मधल्या मुलासारखं होतं, सुरुवात पहिल्याने केलेली, शेवट तिसऱ्याच्या वाट्याला. म्हणून मधे खूप चालणं येतं, खूप लपणं, कोणीतरी पकडलं जातं आणि त्याला सोडवायला दीडशे पानं जातात. यासाठी साधी परीक्षा आहे, एक प्रकरण मनात वगळा आणि बघा शेवटात काय बदलतं. घटना नाही बदलली तरी चालेल, पण एखाद्या पात्राचं मन, दोघांमधलं नातं, आपल्याला असलेली माहिती, यातलं काहीतरी बदलायला हवं. अशी वगळता येणारी प्रकरणं ओळीने तीन-चार निघाली तर कंटाळा तुमचा नव्हता.

लव्ह ट्रँगलबद्दल एवढंच सांगते की नवीन आलेल्या मुलाला पुस्तकात दुसरं काही काम आहे का ते बघा. असेल तर ठीक.

शेवट बघताना

क्लिफहँगर आला, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी पुस्तक संपलं, म्हणून चिडू नका. 'द सटल नाइफ' पण अशाच ठिकाणी संपतो आणि पुढचा भाग यायला तीन वर्षं लागली होती, त्या काळात वाचणाऱ्यांचं काय झालं असेल. पण क्लिफहँगर वेगळा आणि मधेच कापलेलं पुस्तक वेगळं. या भागापुरता सुरू झालेला एक तरी प्रश्न सुटला असेल, मग तो प्रवास असो, भांडण असो, बापाचा शोध असो, तर पुस्तकाला शेवट आहे आणि वर धक्का दिलाय. काहीच सुटलं नसेल, फक्त पानं संपली म्हणून थांबलं असेल तर ते अर्धं पुस्तक पूर्ण म्हणून हातात दिलंय आणि तसं म्हणायला संकोच करू नका.

तिसरा वाचायचा का

आता कागद समोर ठेवा. तक्रारी कुठल्या जातीच्या आहेत ते बघून ठरवायचं.

नुसती गती मंद असेल, मधली पानं फुगली असतील, पण दाराचा हिशोब नीट असेल तर तिसरा वाचा, जवळपास डोळे मिटून वाचा म्हणेन, कारण ज्या लेखकाने नियम सांभाळलेत त्याच्या डोक्यात शेवट असतो. दिशा बदलल्यामुळे खटकलं असेल तरी वाचा. कॉर्नेलिया फुंके यांच्या 2003 च्या 'इंकहार्ट' मध्ये पुस्तकातली माणसं बाहेर आपल्या जगात येतात आणि 2005 च्या दुसऱ्या भागात आपली माणसं पुस्तकाच्या जगात जातात, आपल्या जगात घडणारी गोष्ट एकदम मोठ्या मैदानावर जाते, काही जणांना ते पचत नाही, पण पहिल्या भागातून निघणारा तो अगदी सरळ पुढचा प्रश्न आहे.

दाराची किंमत गायब झाली असेल आणि कारणही दिलं नसेल तर जरा सावध. अशा वेळी तिसऱ्या भागाची पहिली तीसेक पानं मिळवून वाचा, सॅम्पल म्हणून मिळतात, मित्राकडे असेल तर तिथे बसून वाचा, आणि फक्त एकच बघा की लेखकाला आपली चूक, किंवा चूक वाटणारी ती गोष्ट, दिसलीय का. कोणीतरी पात्र तो प्रश्न विचारतंय का. विहिरीच्या त्या सिरीजचा तिसरा भाग मी असाच वाचायला घेतला. बाराव्या पानावर एक म्हातारी एका वाक्यात सांगते की विहिरीने आता माणसांना ओळखलंय, म्हणून ती काही घेत नाही. एवढंच. मी पुस्तक परत ठेवलं. वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं, पण पहिला भाग मात्र अजून माझ्या कपाटात आहे आणि मी तो दर एक-दोन वर्षांनी वाचते, तो तिथेच संपतो असं धरून. तसं करायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोणाला सांगायचं असेल तर

रिव्ह्यू लिहायचा असेल तर वाचून झाल्याच्या रात्री लिहू नका. दोन दिवसांनी लिहा आणि उजव्या बाजूपासून सुरुवात करा, प्रत्येक तक्रारीला पुस्तकातला एकेक प्रसंग जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येईल की त्याला याने फरक पडतो का. डाव्या बाजूचं लिहायचं असेल तर 'मला हवं होतं' असंच लिहा, 'हवं होतं' असं मोघम नको. पहिल्या भागाचे स्पॉयलर आले तर वर सांगा, दुसऱ्याचा शेवट सांगायची गरज पडत नाही. आणि लेखकाला टॅग करून वाईट मत ऐकवू नका, त्या माणसाने काही वर्षं त्यात घातलेली असतात, त्याला शोधायचं असेल तर तो शोधेल. लेखकाने पैशांसाठी लिहिलं, घाईत लिहिलं, प्रकाशकाने लिहून घेतलं, हे आपल्याला माहीत नसतं, जे माहीत आहे ते पानांवर आहे.

ही पुस्तकं मुळात ज्या वयासाठी आहेत त्या वयाचं कोणी घरात असेल आणि त्यांचा हिरमोड झाला असेल तर त्यांना 'अगं गोष्टच आहे ती' असं म्हणू नका प्लीज. त्यांच्यासाठी ते जग खरं होतं आणि ते कोणीतरी निष्काळजीपणे हाताळलंय. त्यांच्या हातात कागद द्या, रेघ मारायला सांगा, बऱ्याचदा ती मुलं आपल्यापेक्षा जास्त कडक हिशोब करतात. माझ्या भाचीने विहिरीची सिरीज वाचली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, दुसरा भाग वाचून ती रडली नाही की चिडली नाही, नुसती म्हणाली, मावशी, सहा वेळा गेले ना, मग सहा गोष्टी गेल्या असणारच, फक्त लिहायच्या राहिल्यात. मग आम्ही दोघी बसलो आणि माझ्या पेन्सिलच्या सहा खुणांपुढे काय काय गेलं ते भरत गेलो. पहिल्या वेळी घराचा पत्ता. दुसऱ्या वेळी मैत्रिणीशी झालेलं भांडण, म्हणून तर ती तिच्याशी इतकी गोड वागते, बघ ना मावशी, जुळतं. तिसऱ्या वेळी शाळेतल्या कुत्र्याचं नाव, चौथ्या वेळी पोहता कसं येतं ते, पाचव्या वेळी बाबांचा आवाज. सहाव्या खुणेपुढे तिने काहीच लिहिलं नाही, म्हणाली हे मी नंतर सांगते, आणि पुस्तक आपल्याकडेच ठेवून घेतलं.